हायड्रोसील: चुण्या, उलटी पिशवी की सुई?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ४२. उजव्या बाजूला ३ वर्षांपासून हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठून आलेली सूज, आहे. दुखत नाही, पण वाढत वाढत आता चालताना मांडीला घासतं आणि पँटमधून दिसतं. एका सर्जननी ‘लॉर्ड’ पद्धतीचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी ‘जॅबूले’, आणि तिसऱ्यांनी सांगितलं की कापायची गरजच नाही, सुईने पाणी काढून औषध सोडू. यातलं चांगलं कोणतं, आणि पुन्हा पाणी होणार नाही याची खात्री कशात आहे? शिवाय बहिणीच्या १० महिन्यांच्या मुलालाही असंच आहे, त्याचंही हेच ऑपरेशन करावं लागेल का?

तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं. पद्धत ठरते ती पाणी किती आहे, पिशवीची भिंत किती जाड आहे आणि त्या पाण्यामागे वृषण कसं आहे, यावर. त्यातली भिंतीची जाडी सोनोग्राफीत थोडीफार कळते, पण खरा अंदाज येतो तो टेबलावर, भिंत बोटांच्या चिमटीत धरल्यावर. त्यामुळे ‘कोणती पद्धत करणार?’ याला ‘उघडल्यावर ठरवू’ असं उत्तर मिळालं, तर डॉक्टर टाळतायत असं समजू नका. माझंही उत्तर बहुतेकदा तेच असतं.

वृषणाभोवती ट्युनिका व्हजायनालिस नावाचं पातळ दुपदरी आवरण असतं. आतला पदर वृषणाला चिकटलेला, बाहेरचा सुटा. दोन्हींच्या मध्ये एरवी ओलाव्यापुरतंच पाणी असतं. ते सतत पाझरतं आणि सतत शोषलंही जातं. पाझर वाढला किंवा शोषण कमी पडलं की पाणी साठायला लागतं. मोठ्या माणसांत बऱ्याचदा कारण सापडतच नाही. कधी मार लागलेला असतो, कधी जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो, कधी व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, बांधल्या गेलेल्या असतात, आणि हत्तीरोग असलेल्या भागात फायलेरियाचे जंत हे मोठंच कारण आहे. ऑपरेशन कोणतंही असो, हेतू एकच: पाझरणाऱ्या पदराला पाणी साठवायला बंद जागा उरू द्यायची नाही. त्यासाठी पिशवी चुण्या घालून गोळा करता येते, उलटी करता येते किंवा कापून काढता येते.

पण पद्धतीच्या आधी तपासणी. यात घाई झालेली मला अजिबात खपत नाही. सुजेच्या वर, जांघेच्या बाजूला, बोटं नेऊन बघायचं. बोटं सुजेच्या वर एकमेकांना मिळाली, तर सूज अंडकोशातलीच आहे. मिळाली नाहीत आणि खोकल्यावर धक्का जाणवला, तर हर्निया आहे किंवा दोन्ही आहेत. मग खोली अंधारी करून मागून टॉर्च लावायचा. साधं हायड्रोसील असेल तर पूर्ण गोळा लालसर उजळतो आणि वृषणाची सावली बहुधा मागच्या बाजूला दिसते. भिंत जाड झालेली असेल, पाणी दुधाळ किंवा रक्तमिश्रित असेल, तर उजेड आरपार येत नाही. इथेच ऑपरेशन कोणत्या दिशेने जाणार याचा पहिला अंदाज मिळतो.

पाणी भरपूर असलं की वृषण हाताला लागत नाही, म्हणून सोनोग्राफी हवीच. विशेषतः विशी ते चाळिशीच्या वयात, कारण वृषणाचा कॅन्सर याच वयात जास्त दिसतो आणि त्याच्याभोवतीही पाणी साठू शकतं. अशा वृषणापर्यंत अंडकोशावर छेद घेऊन जायचं नसतं आणि सुईही घालायची नसते. वृषणाच्या लसिकावाहिन्या पोटात, महारोहिणीजवळच्या गाठींकडे जातात. अंडकोशाच्या कातडीच्या जांघेतल्या गाठींकडे. अंडकोशावर छेद घेतला की कॅन्सरला पसरायला नसलेली दुसरी वाट मिळते. म्हणून गाठीचा संशय असेल तर छेद जांघेतच. तुम्ही ४२ चे आहात. तिघांपैकी कोणीच सोनोग्राफी सांगितली नसेल, तर पद्धतीची चर्चा तिथेच थांबवून आधी ती करून घ्या.

आता लॉर्ड. पीटर लॉर्ड या ब्रिटिश सर्जननी १९६४ साली ही पद्धत मांडली आणि आपल्या लेखाच्या शीर्षकातच तिला रक्तहीन म्हटलं. अगदीच रक्तहीन नसते, पण दावा फारसा फुगवलेलाही नाही. अंडकोशावर लहान छेद घ्यायचा आणि कातडीपासून पिशवीपर्यंतचे सगळे पदर एकाच रेषेत उघडायचे. कडा ॲलिस चिमट्यांनी धरून ठेवायच्या म्हणजे पदर एकमेकांपासून सुटत नाहीत आणि कडेचं रक्तही थांबतं. पाणी गेलं की वृषण छेदातून बाहेर घ्यायचं. मग विरघळणाऱ्या धाग्याने पिशवीच्या कापलेल्या कडेपासून वृषणाच्या जवळपर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर टोचत एक टाका न्यायचा. असे ८-१० टाके वृषणाभोवती सगळीकडून घ्यायचे. ते बांधले की सैल पिशवीच्या चुण्या पडून ती वृषणाच्या मागे गोळा होते. पिशवी आजूबाजूच्या पदरांपासून सोडवावीच लागत नाही, आणि रक्त येतं ते मुख्यतः सोडवतानाच. म्हणून या पद्धतीत रक्ताची गाठ कमी होते.

मात्र भिंत पातळ आणि मऊ हवी. जाड भिंतीच्या चुण्या नीट पडत नाहीत, आणि मोठ्या पिशवीच्या चुण्या घातल्या तर वृषणाभोवती भलामोठा गोळा तयार होतो. रुग्णाला वाटतं, पाणी काढलं तरी सूज आहे तशीच. तुमचं हायड्रोसील लहान किंवा मध्यम असेल, टॉर्चने छान उजळत असेल आणि आधी कधी सुई घातलेली नसेल, तर लॉर्डचा सल्ला मला पटतो.

जॅबूले हे फ्रान्समधल्या लिऑनचे सर्जन. त्यांच्या पद्धतीत पिशवी आधी बाहेरच्या सगळ्या पदरांपासून सोडवून घ्यावी लागते. योग्य थर मिळाला तर ती गॉजने ढकलत ढकलत सुटते. थर चुकला तर प्रत्येक इंचाला रक्त येतं. माझी सवय अशी की पिशवी शक्यतो भरलेलीच ठेवून सोडवायची. ताणलेली असली की कडा स्पष्ट दिसते. पूर्ण मोकळी झाली की पुढून उघडून पाणी काढायचं, जास्तीची भिंत कापायची आणि उरलेली उशीच्या अभ्र्यासारखी उलटी करून वृषणाच्या आणि शुक्ररज्जूच्या (वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रनलिका असलेल्या दोरीच्या) मागे कडा एकमेकींना शिवायच्या. आता पाझरणारा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला आला. त्याचं पाणी आजूबाजूच्या ऊतींत जातं आणि तिथल्या लसिकावाहिन्या ते शोषून घेतात.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. रज्जूच्या मागे शिवताना शिवण घट्ट झाली तर शिरा दाबल्या जातात आणि वृषण सुजतं. शेवटचा टाका बांधण्याआधी रज्जू आणि शिवण यांच्यामधून बोटाचं टोक सहज जायला हवं. त्यानंतर वृषण परत आत ठेवताना रज्जूला पीळ पडलेला नाही हे वरपासून खालपर्यंत बघायचं. साधी गोष्ट आहे, पण पिशवी उलटी केल्यावर सगळे नेहमीचे खुणेचे भाग फिरलेले असतात आणि नजर फसते.

याच तत्त्वावरची अँड्र्यूजची ‘बॉटल ऑपरेशन’ पद्धत १९०७ सालची आहे, शिकागोची. पिशवीच्या वरच्या भागात लहान तोंड पाडायचं, त्यातून वृषण बाहेर काढायचं आणि पिशवी आपोआप उलटी होऊ द्यायची. टाके एखाद-दुसरा किंवा नाहीच. तोंड फार लहान ठेवलं तर ते रज्जूला आवळतं, फार मोठं झालं तर पिशवी पुन्हा सुलटी होऊन पूर्वपदावर येते. मी ती क्वचितच करतो. ज्यांचा हात तिच्यावर बसला आहे ते चांगली करतात.

पिशवी जाड, चामड्यासारखी कडक, आत कप्पे पडलेली किंवा चुन्याचे कण साठलेली असेल, तर चुण्या आणि उलटं करणं दोन्ही सोडून द्यायचं आणि ती कापून काढायची. वृषण आणि एपिडिडिमिस (वृषणाला मागून चिकटलेली, शुक्राणू वाहून नेणारी वेटोळ्यांची नळी) यांच्या भोवती साधारण १ सेंटीमीटरची किनार ठेवून बाकीची भिंत काढतात. पुन्हा पाणी होण्याचं प्रमाण यात सर्वात कमी. रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण मात्र सर्वात जास्त, कारण जाड भिंतीची पूर्ण कापलेली कड म्हणजे सगळीकडून झिरपणारी लांबलचक जखम असते. तिच्यावर विरघळणारा टाका अखंड फिरवावा लागतो, प्रत्येक वेढा मागच्यात अडकवत. नुसत्या कॉटरीवर (विजेने शिरा जाळून बंद करण्यावर) विसंबून राहिलं की रात्री गोळा फुगलेला सापडतो.

मोठ्या, जुन्या हायड्रोसीलमध्ये एपिडिडिमिस पसरून भिंतीच्या मागच्या बाजूला सपाट चिकटलेला असतो आणि त्याचा रंगही भिंतीसारखाच दिसतो. सरळ १ सेंटीमीटर मोजून कात्री चालवली तर तो कापला जातो, आणि त्या बाजूचे शुक्राणू बाहेर येण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून मागच्या बाजूला किनार मोठी ठेवायची. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. तुमच्या वयात तो प्रश्न अजून उघडा असू शकतो.

फायलेरियामुळे झालेल्या हायड्रोसीलची गोष्ट थोडी वेगळी. तिथे भिंतीतल्या लसिकावाहिन्या फुगलेल्या असतात आणि पाणी कधी कधी दुधाळ असतं. उरलेली पिशवी पाझरत राहते, म्हणून पिशवी कापून काढण्याकडेच कल असतो. डीईसीच्या गोळ्या जंतांविरुद्ध आहेत, साठलेलं हायड्रोसील त्यांनी जात नाही. अंडकोशाची कातडी जाड होऊन तिच्यावर पाझरणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील, तर हे साधं ऑपरेशन उरत नाही. ते अशा रुग्णांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करून घ्यावं.

भूल कमरेतून देतात, किंवा जांघेत रज्जूभोवती आणि छेदाच्या जागी इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. लहान हायड्रोसील, शांत रुग्ण आणि लॉर्ड, या जोडीला दुसरा पर्याय उत्तम. मोठी पिशवी सोडवायची असेल तर कमरेतली भूल रुग्ण आणि सर्जन दोघांनाही सुखाची जाते.

कोणत्याही नावाच्या ऑपरेशनपेक्षा निकालावर जास्त परिणाम होतो तो रक्तस्राव थांबवण्याचा. पोटाच्या किंवा मांडीच्या जखमेत आजूबाजूचे स्नायू थोडा दाब देतात. अंडकोश सैल असतो, तिथे काहीच दाबून धरत नाही. एका बारीक शिरेतून थेंब थेंब झिरपलेलं रक्तही रात्रभरात मुठीएवढी गाठ करून ठेवतं. म्हणून कातडीखालच्या डार्टॉस थरात दिसणारी प्रत्येक शीर पकडायची, बंद करण्याआधी जखम २-३ मिनिटं नुसती बघत बसायची, आणि डार्टॉस अखंड टाक्याने स्वतंत्र शिवायचा. मोठी पिशवी कापली असेल तर वेगळ्या छिद्रातून ड्रेन (रक्त-पाणी बाहेर नेणारी नळी) ठेवून तो एक-दोन दिवसांनी काढतात. ड्रेन रक्त थांबवत नाही, साठू देत नाही एवढंच. तुम्ही ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असाल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. या भागातला जंतुसंसर्ग मधुमेह्यांत फार वेगाने पसरतो.

आता सुईचा पर्याय. नुसतं पाणी काढलं तर ते बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत होतं, कारण पाझरणारा पदर तसाच असतो. दर वेळी रक्त किंवा जंतू आत जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. पाणी काढून पॉलिडोकॅनॉल, डॉक्सीसायक्लिन किंवा सोडियम टेट्राडेसिलसारखं औषध सोडलं, तर पदर एकमेकांना चिकटतात. याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. शस्त्रक्रियेशी तुलना केलेल्या अभ्यासांत साधारण हेच दिसतं की गुंतागुंत कमी, कामावर परतणं लवकर, खर्च कमी, पण पाणी परत होण्याचं प्रमाण जास्त. अनेकांना औषध दोनदा सोडावं लागतं. हे करताना स्टीलच्या सुईऐवजी प्लॅस्टिकची कॅन्युला वापरलेली बरी. पिशवी रिकामी होत आली की वृषण सुईच्या टोकावर येऊन टेकतं.

ज्यांना भूल देणं धोक्याचं आहे, किंवा वयस्कर असून ऑपरेशन नको आहे, त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे, आणि सर्जन मंडळी त्याला उगाच कमी लेखतात असं माझं मत. मात्र आत कप्पे असतील, पोटाशी मार्ग जोडलेला असेल, संसर्ग असेल किंवा गाठीचा संशय असेल तिथे तो चालत नाही. मूल हवं असणाऱ्यांनाही मी तो सुचवत नाही. औषधाची दाहक प्रतिक्रिया एपिडिडिमिसपर्यंत जाऊ शकते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: स्क्लेरोथेरपी फसल्यावर ऑपरेशन करायची वेळ आली, तर आत चिकटलेले पडदे आणि जाड झालेली भिंत भेटते. लॉर्ड तेव्हा विसरायचं.

पुन्हा होण्याबद्दल. नीट निवडलेल्या रुग्णात वरच्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर पाणी परत होणं कमीच. होतं तेव्हा कारण बहुधा शोधता येतं: मोठ्या पिशवीच्या चुण्या घातलेल्या असतात, एखादा कप्पा राहून गेलेला असतो, किंवा पोटाशी जोडलेला जन्मजात मार्ग उघडाच असतो. हे शेवटचं तरुणांत विशेषतः लक्षात ठेवायला हवं. सकाळी उठल्यावर सूज लहान आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी मोठी असं होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या मार्गाला जांघेतून बांधावं लागतं. खालून कितीही सुबक ऑपरेशन केलं तरी वरून पाणी उतरतच राहणार.

‘परत झालं’ म्हणून घाबरून येणाऱ्या बऱ्याच जणांना परत झालेलं नसतंच. ऑपरेशननंतर अंडकोश सुजतो, आत टणक गोळा लागतो आणि तो विरायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात. लॉर्डनंतर तर चुण्यांचा गोळा हाताला लागतोच. ही सूज हळूहळू कमी होत जाते. काळजीची सूज वेगळी असते: पहिल्या २४ तासांत झपाट्याने वाढणारी, ताणलेली, काळीनिळी आणि वेदना चढत जाणारी. त्यासाठी रात्री २ वाजताही फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. ताप येणं, कातडी लाल होणं, टाक्यांतून पू येणं यालाही लगेच दाखवायचं. बाकी पहिले दोन दिवस आराम, अंडकोश वर उचलून धरेल अशी घट्ट लंगोट किंवा सपोर्टर दोन-तीन आठवडे. बसून करायचं काम बहुतेकजण आठवड्याभरात सुरू करतात. जड उचलणं, सायकल, दुचाकी यांना ३-४ आठवडे थांबलेलं बरं.

तुमच्या बाबतीत, हातात सोनोग्राफी नसताना सांगायचं तर, वृषण निरोगी आणि भिंत पातळ असेल तर लॉर्ड; पिशवी मोठी पण मऊ असेल तर जॅबूले; भिंत जाड निघाली तर कापून काढणं. आणि त्रास होत नसता तर काहीच न करता थांबणंही चाललं असतं. तुम्हाला मांडीला घासतंय, म्हणून करा.

भाच्याचं प्रकरण पूर्ण निराळं आहे. वृषण पोटातून खाली उतरताना सोबत पोटाच्या आतल्या आवरणाची एक नळी येते आणि ती पुढे आपोआप बंद होते. बाळांमध्ये ती उशिरापर्यंत उघडी राहिली की पोटातलं पाणी खाली झिरपतं. बहुतेकांत ती वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मिटते आणि पाणी आपोआप शोषलं जातं, म्हणून १० महिन्यांच्या बाळाला सहसा नुसतं तपासत राहतात. दोन वर्षांनंतरही टिकलं, किंवा वाढत गेलं, तर जांघेत लहान छेद घेऊन ती नळी उंचावर बांधतात. लॉर्ड, जॅबूले यातलं काही लागत नाही आणि अंडकोशावर छेदही नसतो. बाळाला सुई मुळीच घालू देऊ नका. त्या नळीत कधी कधी आतडंही उतरलेलं असतं, आणि बाळाच्या पातळ कातडीतून त्यातूनही टॉर्चचा उजेड आरपार दिसू शकतो. रडताना जांघेतही फुगवटा येत असेल तर हर्नियाच आहे असं समजून दोन वर्षांची वाट न बघता लहान मुलांच्या सर्जनला दाखवा. आणि फुगवटा कडक होऊन आत जात नसेल, बाळ उलट्या करत असेल, तर त्याच तासाला रुग्णालयात न्या.